हस्तिदृष्टांत आणि व्यसनरोग



श्रीचक्रधर स्वामींनी निरूपणाच्या ओघात सांगितलेले दृष्टांत केशिराजबासांनी जतन करून ठेविले, हे त्यांचे आपल्यावर मोठेच ऋण होय. त्या दृष्टांतपाठातील हस्तीचा दृष्टांत ज्याने ऐकला नाही असा उपदेशी सापडणे कठीण. गावात हत्ती येतो. जन्मांध माणसे त्याला पाहावयास जातात. ज्याच्या हाती पाय लागतो तो हत्तीला खांबासारखा म्हणतो, ज्याच्या हाती कान लागतो तो सुपासारखा म्हणतो, आणि ज्याला शेपूट सापडते तो तिसरेच काही सांगतो. त्यांतील कोणीही खोटे बोलत नाही. तरीही हत्ती कोणालाच कळलेला नसतो. या दृष्टांताचे दार्ष्टांतिक ईश्वरस्वरूपाविषयी आहे, एकेका अंशालाच पूर्ण समजणाऱ्यांच्या ज्ञानाविषयी आहे, हे आम्ही जाणतो. तो आज एका लौकिक आणि दुःखद विषयास लावण्याचे धाडस आम्ही करीत आहोत. तसे का करावे लागले, ते पुढील हकिगतीवरून ध्यानी येईल.

विषय नशेचा आहे. आपल्या मार्गात प्रवेश करणाऱ्यास सप्तव्यसनांचा त्याग प्रथम सांगितला जातो. द्यूत, मांस, मद्य, वेश्यागमन, मृगया, चौर्य आणि परदारागमन ही ती सात. अफू, गांजा, गर्द किंवा झोपेच्या गोळ्या यांची नावे त्या यादीत स्वतंत्रपणे येत नाहीत. परंतु मद्य या शब्दाने मादक ते सर्वच घ्यावे, असा अर्थ आपण करीत आलो आणि तो योग्यच आहे. त्यामुळे व्यसन वाईट असे येथे पुन्हा सांगण्याचे प्रयोजन नाही. या त्रैमासिकाच्या वाचकास ते पाठ आहे. ज्याला व्यसन जडले आहे त्या माणसाच्या हातात आपण त्यागाचा नेम देतो, तेव्हा नेमके काय देतो, एवढाच येथे विचार करावयाचा आहे.

येथून पुढे 'आम्ही' म्हणून चालणार नाही. दोष एकट्याचा आहे, म्हणून 'मी' म्हणतो.

पंजाबात आपला पंथ कित्येक शतकांपासून नांदत आहे. तेथे त्यास जयकृष्णी पंथ म्हणतात. घरी पंजाबी बोलणारे तेथील साधू सूत्रपाठ मात्र मराठीतच म्हणतात, आणि काही जणांचे उच्चार आमच्याकडील तरुण साधूंपेक्षा शुद्ध असतात, हे नमूद केल्यावाचून राहवत नाही. २०१६ सालचा चातुर्मास मी दोआबातील एका गावी केला. दिवसाचे निरूपण आटोपल्यावर एक गृहस्थ नित्य मागे थांबत असत. वय त्रेचाळीस; चार एकर जमीन; पूर्वी ट्रक चालवीत. घरी पत्नी, दोन मुले आणि धाकटा भाऊ. पुष्कळ दिवस ते नुसते बसून जात. एके दिवशी म्हणाले, "बाबाजी, उपदेश घ्यायचा आहे. पण माझ्या अंगात विष आहे."

त्यांनी जे सांगितले ते त्या प्रदेशातील सहस्रावधी घरांचे वृत्त आहे. गव्हाच्या कापणीच्या हंगामात मजुरांनी थकू नये म्हणून जमीनदारच त्यांना भुक्की देत. भुक्की म्हणजे अफूच्या बोंडांची वाळलेली टरफले. ती चहासारखी उकळून पितात. सतराव्या वर्षी यांनी ती प्रथम घेतली, आणि तिला कोणी नशा म्हणत नव्हते. पुढे ट्रकवर रात्री जागण्यासाठी तीच. नंतर भुक्की मिळेनाशी झाली, महाग झाली, आणि तिच्या जागी चिट्टा आला. चिट्टा म्हणजे हेरॉइन. आपल्याकडे पुण्यामुंबईत १९८० नंतरच्या दशकात जी गर्द म्हणून पसरली ती याच कुळातली. यांनी ती प्रथम पन्नीवर जाळून ओढली आणि शेवटी सुईने घेऊ लागले. ट्रक गेला. एक एकर गहाण पडले. पत्नीच्या बांगड्या गेल्या, त्या चोरीला गेल्या असे घरात सांगितले गेले, आणि घरातल्या सर्वांनी ते खरे मानल्याचे दाखविले.

मी त्यांना श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात उपदेश दिला. विशेषांपुढे मस्तक ठेववून, भरल्या सभेत त्यांच्याकडून त्यागाचा नेम घेतला. आजपासून नाही म्हणजे नाही. सभेने जयघोष केला. मला फार समाधान वाटले, हे मी लपवीत नाही.

त्यानंतरचे आठ-दहा दिवस त्या घरात कोणी झोपले नाही. पंजाबीत त्या अवस्थेस तोट लागणे म्हणतात. आपल्याकडील गर्दुल्ले तिला टर्की म्हणतात. नाकाडोळ्यांतून पाणी, सारख्या जांभया, अंगावर काटा, पोटात पिळवटून जुलाब, हाडांत कोणी खिळे ठोकीत असल्याप्रमाणे वेदना. त्यांची पत्नी मला विचारावयास आली की, डॉक्टरांकडे न्यावे काय. मी सांगितले, "हे पूर्वकर्म झडते आहे. नामस्मरण करू द्या, त्यांना एकटे सोडू नका." यातील दुसरा अर्धा भाग तेवढा बरोबर होता.

ते त्यातून निघाले. भाद्रपदात शेतावर जाऊ लागले, आश्विनात अंगावर थोडे मांस चढले. मी निरूपणात त्यांचे उदाहरण देऊ लागलो. ते पुढच्या रांगेत बसत आणि माझ्या बोलण्याने त्यांची मान खाली जाई. तो संकोच मी विनय समजलो.

कार्तिकी एकादशीनंतर लग्नसराई सुरू झाली. चुलतभावाच्या लग्नात जुने सोबती भेटले. एकदाच, म्हणून त्यांनी सुई घेतली. आणि पूर्वी जेवढी घेत तेवढीच घेतली. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत ते झोपलेले दोघांनी पाहिले. मोठ्याने घोरत होते म्हणून त्या दोघांनी त्यांना निजू दिले. पहाटे भावाने हाक मारली तेव्हा ओठ निळे पडले होते आणि अंग गार झाले होते. गावात हृदयविकाराचा झटका असे सांगितले गेले.

मी सांत्वनास गेलो. पत्नी रडत नव्हती. तिने मला दंडवत केला आणि म्हणाली, "बाबाजी, सोडायला तुम्ही सांगितलेत. सोडल्यावर काय होते, ते का नाही सांगितलेत?"

मला ते ठाऊकच नव्हते.

ते ठाऊक करून घेण्यासाठी मी जिल्ह्याच्या रुग्णालयातील मानसरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी मला दोन तास दिले. जे कळले ते मांडतो. कारण नेम देण्याचा अधिकार ज्यांच्याकडे आहे त्या प्रत्येक महंताने ते जाणणे आवश्यक आहे, असे माझे मत झाले आहे.

वेदना शमविणारी काही द्रव्ये आपला मेंदू स्वतःच निर्माण करीत असतो. अफू आणि तिच्यापासून झालेली हेरॉइनसारखी द्रव्ये मेंदूतील त्याच जागी जाऊन बसतात. बाहेरून फुकट मिळू लागले की मेंदू आपली निर्मिती आखडती घेतो आणि त्या जागाही बधिर होत जातात. म्हणून तोच परिणाम होण्यास मात्रा वाढवावी लागते. कालांतराने माणूस सुखासाठी घेतच नाही; अंग स्वस्थ राहावे, सकाळी उभे राहता यावे, एवढ्यासाठीच घेतो. बाहेरचे लोक म्हणतात, चैन चालली आहे. ती चैन केव्हाच संपलेली असते.

मात्रा बंद केली की शरीर काही आठवड्यांत पूर्ववत संवेदनशील होऊ लागते. सहनशक्ती गळून पडते. परंतु स्मृती गळत नाही. हातास जुनीच मात्रा ठाऊक असते. जी मात्रा श्रावणापूर्वी या गृहस्थांस केवळ उभे करीत होती, तीच कार्तिकात त्यांच्या श्वासाचे केंद्र बंद पाडण्यास पुरेशी झाली. कारागृहातून सुटलेले, व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलेले आणि शपथ घेऊन सोडलेले, या तिघांना पहिल्या काही आठवड्यांत सर्वांत अधिक धोका असतो. जगभराचा अनुभव असाच आहे, असे डॉक्टर म्हणाले. "महाराज, तो दुर्बल होता म्हणून मेला नाही. त्याने तीन महिने पाळले, म्हणून ती मात्रा त्याला झेपली नाही." हे वाक्य माझ्या मनातून जात नाही.

ते घोरणे म्हणजे झोप नव्हती. अशा वेळी श्वास मंद होतो, अडखळतो, घशात घरघर वाजते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, ओठ आणि नखे निळसर पडतात. हलवून, हाका मारून माणूस जागा होत नसेल तर त्यास कुशीवर वळवावे आणि क्षणाचाही विलंब न लावता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. नॅलोक्सोन नावाचे उतारा-औषध आहे; ते वेळेवर टोचले तर काही मिनिटांत श्वास परत येतो. मात्र त्याचा प्रभाव थोडा वेळच टिकतो, म्हणून शुद्धीवर आलेल्यासही रुग्णालयात न्यावेच लागते. त्या खोलीशी दोन माणसे उभी होती, त्यांच्या खिशात दूरध्वनी होते.

आता दुसरी गोष्ट, जी मला अधिक भयावह वाटली. अफूची तोट क्लेशदायक असते, परंतु धडधाकट माणूस सहसा त्या तोटेने मरत नाही. दारूचे तसे नाही. वर्षानुवर्षे सकाळ-संध्याकाळ पिणाऱ्याने एका दिवसात दारू तोडली तर पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो, कंप सुटतो, आणि उपचार न मिळाल्यास त्यात प्राणही जातात. झोपेच्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्याचेही तसेच. विदर्भ-मराठवाड्यात मी अशा किती पक्क्या दारुड्यांकडून एका बैठकीत नेम घेतले असतील, याची मोजदाद केली नाही. त्यांतील काहींस पुढे "वारे लागले", "बाहेरची बाधा झाली", असे ऐकल्याचे आठवते. देवतांवर घातलेला तो आळ होता, असे आता वाटते.

हे लिहिताना आणखी एक सांगितले पाहिजे. २०११ साली कंबरेच्या दुखण्याने मला रात्र रात्र झोप येत नसे. एका डॉक्टरने अल्प्राझोलाम ही गोळी दहा दिवसांसाठी लिहून दिली. मी ती पाच वर्षे घेतली. तो कागद दुकानदाराने पुन्हा कधी मागितला नाही, आणि साधूस कोण विचारणार? ज्या दिवशी मी त्या गृहस्थांकडून सभेत नेम घेतला, त्या रात्रीही माझ्या झोळीत ती पट्टी होती आणि मी तीतील एक गोळी घेऊन निजलो. ते औषध आहे, अशी माझी समजूत होती. पंजाबातील त्या डॉक्टरांसमोर बोलता बोलता मीच विचारले की, एखाद्याने अशी गोळी रोज घेतली तर? ते माझ्याकडे क्षणभर पाहत राहिले आणि म्हणाले, "कोण घेतो?" त्यांनीच ती सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने कमी करून दिली. एका दिवसात तोडा, असे मला कोणी सांगितले नाही. सभेत उभे केले नाही. जी दया मला मिळाली ती मी त्या गृहस्थांस दिली नव्हती.

आता हस्तीकडे वळू. पोलिसास व्यसनी माणूस दिसतो तो पुडीसह. त्याच्या हातास गुन्हा लागतो. डॉक्टरास मेंदू, यकृत आणि रक्त दिसते. सुईतून कावीळ क जातीची किंवा एड्सचा विषाणू गेला आहे काय, ते तो तपासतो. पत्नीच्या हातास गहाणखताचा कागद लागतो. सावकारास व्याज. शेजाऱ्यास आरडाओरड. साधूच्या हातास लागते ते पाप, किंवा पूर्वकर्म, किंवा फार तर संकल्पाचे दौर्बल्य. यातील एकही खोटे नाही. आणि प्रत्येक जण आपल्या हाती आलेल्या अवयवाचे औषध संपूर्ण हत्तीला पाजू पाहतो. मी शेपूट धरून बसलो होतो आणि डोळस असल्याच्या थाटात निरूपण करीत होतो.

व्यसन किती पसरले आहे याचा अंदाज केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्स संस्थेकडून करविलेल्या पाहणीवरून येतो. तिचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. अफूच्या कुळातील द्रव्ये घेणारे देशात सुमारे सव्वादोन कोटी; त्यांपैकी सुमारे ७७ लाखांना उपचाराची वा मदतीची गरज. दारूसाठी ज्यांना मदत हवी असे पावणेसहा कोटींच्या आसपास. आणि दारूच्या पूर्ण अधीन झालेल्या ३८ जणांत एकालाच कसला तरी उपचार मिळतो. उरलेले सदतीस कोठे जातात? कोणी मांत्रिकाकडे, कोणी गळ्यात माळ घालावयास, कोणी आपल्याकडे. म्हणजे इच्छा असो वा नसो, या रोगाचा पहिला वैद्य पुष्कळदा आपणच असतो.

सूत्रपाठात अन्यव्यावृत्ति हे एक प्रकरण आहे. परमेश्वराव्यतिरिक्त जे अन्य, त्यापासून जीवाने परतावे, हा त्याचा आशय आपण जाणतो. त्या नावावर मी पुष्कळ दिवस विचार केला. व्यावृत्ती म्हणजे परतणे. परतणाऱ्यास वाट लागते, वाटेत मुक्काम लागतो, आणि तो किती दूर गेला आहे त्यावर परत यावयास लागणारा काळ ठरतो. मी त्या गृहस्थांस परतावयास सांगितले नाही. उडी मारावयास सांगितले. चारही पदार्थांत जीव हा अविद्येने बद्ध आहे असे आपण शिकवितो, आणि त्याच बद्ध जीवाकडून एका क्षणात मुक्ताची कामगिरी मागतो. हा विरोध तेव्हा माझ्या लक्षात आला नाही.

२०१७ च्या ऑक्टोबरात पंजाब सरकारने बाह्यरुग्ण उपचाराची केंद्रे काढली. तेथे अफूच्या अधीन झालेल्यास ब्युप्रेनॉर्फिन आणि नॅलोक्सोन यांची एकत्रित गोळी जिभेखाली ठेवावयास देतात. ती मेंदूतील त्याच जागी बसते, पण अर्धवट कार्य करते. तोट लागत नाही, वेड्यासारखी ओढ राहत नाही, आणि श्वास बंद पडण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. माणूस शेतावर जाऊ शकतो. केंद्रे उघडली तेव्हा गोळी रोज कर्मचाऱ्यासमोर घ्यावी लागे. पुढे २०२० च्या साथीत घरी नेण्याची सवलत मिळाली.

या गोळीविषयी आमच्या एका वयोवृद्ध महंतांशी माझा वाद झाला. त्यांचा मी मान राखतो. ते म्हणाले, "एक खुंटा सोडून दुसऱ्या खुंट्याला गाय बांधलीत. हा त्याग कसा?" मी म्हणालो, "महाराज, माझी गाय मी मोकळी सोडली होती. ती आडात पडली." ते पुष्कळ वेळ बोलले नाहीत. नंतर त्यांनी विचारले की, ही गोळी जन्मभर घ्यावी लागली तर? लागूही शकते, असे मी सांगितले. मधुमेहाचे पथ्य आणि औषध आपण जन्मभर करतो, आणि मधुमेही उपदेशीस कोणी अपात्र मानीत नाही. त्यांचे पूर्ण समाधान झाले असे मी म्हणणार नाही. त्यांच्या शंकेत तथ्यही आहे: गोळी कोणी दुसऱ्यास विकतो, कोणी तिच्यावर दारू पितो आणि दगावतो. म्हणूनच ती डॉक्टरच्या हातून व्हावी, दुकानातून नव्हे. आचारप्रकरणाचा अभ्यास करणाऱ्यांनी या प्रश्नावर लिहावे अशी माझी विनंती आहे. मी तो सोडविला असे समजू नये.

महाराष्ट्रातील वाचकांनी हा पंजाबचा रोग समजू नये. येथे द्रव्य वेगळे आहे इतकेच. खोकल्याचे कोडीनयुक्त औषध, वेदनाशामक ट्रॅमाडोल, झोपेच्या गोळ्या ही औषधाच्या दुकानातूनच घरात येतात. २०२३ च्या ऑक्टोबरात नाशिकजवळ शिंदे येथे आणि २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे जिल्ह्यातील कुरकुंभ येथे मेफेड्रोन बनविण्याचे कारखाने पोलिसांनी पकडले. मेफेड्रोन अफूसारखे गुंगवीत नाही. उलट ते झोप उडविते, हृदयाचे ठोके वाढविते, संशयाने मन पोखरते. त्याला वर सांगितलेल्या गोळीसारखा पर्याय नाही, हेही सांगितले पाहिजे. तंबाखू-तपकिरीविषयी मी येथे लिहीत नाही. लिहिले तर काही मठांतूनच पत्रे येतील.

लोकांना आणखी एक भय असते: डॉक्टरकडे गेलो तर पोलीस धरतील. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात ६४-अ हे कलम आहे. अल्प प्रमाणाच्या वा स्वतः सेवन केल्याच्या आरोपात सापडलेला व्यसनी मान्यताप्राप्त ठिकाणी स्वेच्छेने उपचार घेऊन तो पूर्ण करील तर खटल्यापासून त्यास संरक्षण मिळते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही दारू व अमली द्रव्यांच्या दुरुपयोगाशी जोडलेल्या अवस्था मानसिक आजारांत गणल्या आहेत. १४४४६ हा शासनाचा दूरध्वनी क्रमांक व्यसनग्रस्त आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी आहे. त्यास पैसे पडत नाहीत. पुण्यात अनिल व अनिता अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण आहे. आपल्या मठातील माहितीफलकावर सणांच्या तिथींशेजारी हे लिहावयास काय हरकत आहे?

मी स्वतः आता काय करतो, ते थोडक्यात सांगतो. उपदेश मागणाऱ्यास मी एकांतात विचारतो: काय घेता, किती वर्षे, रोज की कधी, शेवटचे केव्हा घेतले, मध्ये सोडले होते तेव्हा काय झाले. स्त्रियांनाही विचारतो. पहिल्या वर्षी संकोच वाटला. नंतर कळले की झोपेच्या आणि दुखण्याच्या गोळ्यांचे उत्तर तिकडूनच अधिक येते. रोज घेणारा असेल तर त्याला तारीख देत नाही, प्रथम डॉक्टरकडे पाठवितो, आणि शक्य तर कोणी सोबत देतो. सभेत व्यसनाचा उच्चार करवीत नाही. घरच्यांना, त्याच्यासमक्ष, एक गोष्ट स्पष्ट सांगतो: पडला तर लपवू नका, आणि पडलाच तर पूर्वीइतके कदापि घेऊ नये. हे शेवटचे वाक्य साधूच्या तोंडी शोभत नाही, असा आक्षेप आला आहे. शोभत नसेल. ते वाक्य २०१६ च्या श्रावणात मी उच्चारले असते तर दोन मुलांचा बाप वाचला असता काय, हे मी सांगू शकत नाही. अनुताप मात्र एवढाच उरला आहे, आणि त्याचे प्रायश्चित्त म्हणून हा लेख.

२०१९ साली मी पुन्हा त्या गावी गेलो. कैलासवासी गृहस्थांचा धाकटा भाऊ मंदिराच्या अंगणात झाडीत होता. मोठ्या भावामागोमाग तोही त्याच वाटेने गेला होता, हे मला तेव्हाच कळले. वहिनीने त्यास हाताला धरून केंद्रात नेले होते. पहिले वर्षभर ती रोज सकाळी त्याच्याबरोबर बसने जाई आणि तो गोळी जिभेखाली विरघळेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राही. तो उपदेश मागावयास आला तेव्हा त्याने केंद्राची वही सोबत आणली आणि न विचारता माझ्यापुढे ठेवली. शेवटची नोंद त्याच सकाळची होती. मी ती वाचली आणि विशेषांच्या चौरंगाजवळ एका बाजूस ठेवली. उपदेश झाल्यावर त्याची वहिनी पुढे आली, तिने वही उचलून पदराखाली घेतली आणि म्हणाली, "उद्या सातला बस आहे, बाबाजी. प्रसाद आत्ताच द्या."